लोहगावचे लिबरेटर

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार ही आपल्या धर्मग्रामांना नवी गोष्ट नाही. चर्चचे छप्पर गळू लागले की आपण वर्गणी काढतो, कौले बदलतो, वाळवी लागलेले वासे काढून नवे घालतो. हे सर्व करताना मूळ वेदी हलवू नये, जुनी घंटा मोडीत घालू नये असा आग्रह वडीलधारी मंडळी धरतात. मात्र हाच आग्रह कोणी एखाद्या जुन्या विमानाच्या बाबतीत धरला, तर आपल्याला नवल वाटते. जगात अशी छांदिष्ट मंडळी पुष्कळ आहेत. मोडकळीस आलेली, पन्नास-साठ वर्षे वापरातून गेलेली विमाने ती शोधून काढतात, त्यांचा सुटा भाग न् भाग जमवतात, स्वखर्चाने त्यांना पुन्हा उड्डाणयोग्य करतात आणि हवाई कसरतींच्या मेळाव्यात ती लोकांना दाखवतात. गवत वाढलेल्या, ओसाड धावपट्ट्यांचा इतिहास लिहिणारेही त्यांच्यात आहेत.

या छंदाशी नगरच्या एखाद्या धर्मगुरूचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. आमच्या जिल्ह्याला विमानांच्या इतिहासात फारसे स्थान नाही, हे खरे. शिर्डीजवळ काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळ सुरू झाला, तोवर बहुसंख्य नगरकरांनी विमान पाहिले ते मान वर करूनच. तथापि युद्धयंत्रे जतन करण्याच्या बाबतीत नगरचे नाव देशात अग्रभागी आहे. १९९४ मध्ये येथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय उघडण्यात आले. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून भारतात तयार झालेल्या 'विजयंता'पर्यंत सुमारे पन्नास वाहने तेथे झाडांच्या सावलीत ओळीने उभी आहेत. १९६५ च्या युद्धात जिंकून आणलेला पॅटन रणगाडाही त्यांत आहे. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले तोफांच्या नळ्यांना हात लावतात आणि फोटो काढून परत येतात. हा रणगाडा कोणी बनवला, तो कोणावर चालून गेला, त्यात बसलेल्यांचे काय झाले, हे विचारणारा एखादाच असतो.

याच प्रश्नांचा विचार एका विमानाच्या निमित्ताने करावा, असे आम्ही योजले आहे. त्या विमानाचे ठाणे नगरपासून फार दूर नव्हते. नगरहून पुण्याला जाणारी एस.टी. सुपे, शिरूर, शिक्रापूर, वाघोली ही गावे मागे टाकत शहराच्या वेशीशी येते, तेव्हा उजव्या हाताला लोहगावचा विमानतळ असतो. संत तुकारामांचे आजोळ म्हणून हे गाव वारकऱ्यांना परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी इंग्रज सरकारने तेथे विमानतळ उभारला. स्वातंत्र्यानंतर याच तळावर भारतीय वायुदलाची 'लिबरेटर' नावाची चार इंजिनांची प्रचंड विमाने अनेक वर्षे नांदली. त्यांची हकिकत पाश्चात्त्य देशांतील विमानवेड्यांना तोंडपाठ आहे. नगर रस्त्याने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांना मात्र तिचा गंधही नाही.

नावात काय आहे?

लिबरेटर म्हणजे मुक्तिदाता. हा शब्द आपण ख्रिस्ती लोक कोणासाठी राखून ठेवला आहे, हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील कन्सॉलिडेटेड या कंपनीने बांधलेल्या या बॉम्बफेकी विमानाचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी सॅन डिएगो येथे झाले. अमेरिकन कागदपत्रांत ते 'बी-२४' होते. लिबरेटर हे नाव त्याला इंग्रजांनी दिले. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर ११० फूट, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची चार इंजिने, आत दहाच्या आसपास माणसे, असा त्याचा पसारा होता. लांबट, अरुंद पंखांमुळे ते एका दमात फार दूर जाऊ शके, आणि हाच त्याचा मुख्य गुण ठरला. युद्ध पेटल्यावर मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीने मिशिगनमधील विलो रन येथे त्यासाठी अवाढव्य कारखाना घातला. १९४४ मध्ये तेथून जवळजवळ तासाला एक विमान बाहेर पडत असे. सर्व कारखाने मिळून अठरा हजारांहून अधिक लिबरेटर तयार झाले. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही बॉम्बफेकी विमान जगात आजवर बनलेले नाही.

या मुक्तिदात्याने केले काय? १९ जुलै १९४३ चा दिवस घेऊ. त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या पाचशेहून अधिक विमानांनी रोमवर हल्ला केला. रेल्वेची यार्डे आणि विमानतळ ही लक्ष्ये होती. सॅन लोरेन्झो यार्डावर दुसऱ्या जातीची विमाने पाठवली होती, लिबरेटरांकडे लिट्टोरिओचे यार्ड होते. सॅन लोरेन्झो वस्तीतील प्राचीन बासिलिकेची त्या दिवशी मोठी पडझड झाली, हजाराहून अधिक नागरिक मरण पावले. पोपमहोदय बारावे पायस व्हॅटिकनमधून बाहेर पडून त्याच दिवशी त्या ढिगाऱ्यांपाशी, आक्रोश करणाऱ्या लोकांमध्ये आले. त्या प्रसंगाचे स्मरण रोममध्ये आजही केले जाते.

आपल्या बाजूच्या जगात लिबरेटर विमाने बंगालमधील तळांवरून उडत आणि ब्रह्मदेश व सयाममधील जपानी ठाण्यांवर, बंदरांवर, पुलांवर बॉम्ब टाकीत. युद्धकैदी आणि मलायातून नेलेले तमिळ मजूर यांच्या हाडांवर बांधलेला ब्रह्मदेश-सयाम लोहमार्ग हे त्यांचे एक मोठे लक्ष्य होते. रुळांलगतच्या छावण्यांत राहणारे कैदी त्या बॉम्बांनी मेल्याचेही प्रसंग घडले. आणि ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर याच विमानांनी याच छावण्यांवर प्रथम पत्रके टाकली, मग अन्नाची व औषधांची खोकी हवाई छत्र्यांनी सोडली. ज्या उदरातून महिन्याभरापूर्वी मृत्यू खाली पडत होता त्याच उदरातून भाकर खाली आली. उपाशी कैद्यांना त्या दिवशी ते विमान खरोखरच मुक्तिदाता वाटले असेल. एकाच यंत्राच्या या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवली, तर तो इतिहास राहत नाही.

कानपूरची भंगारभूमी

युद्ध संपले आणि या विमानांचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. इंग्रजांकडील लिबरेटर अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिले होते. करार असा, की युद्ध संपताच ते परत करावेत, विकत घ्यावेत किंवा निकामी करावेत. परत नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून कानपूरजवळच्या चकेरी तळावर ती विमाने गोळा करण्यात आली आणि पुन्हा उडू नयेत अशा बेताने त्यांची मोडतोड करण्यात आली. इंग्रज निघून गेले. उन्हापावसात उभे असलेले ते सांगाडे नव्या देशाच्या वाट्याला आले.

१९४८ साल उजाडले तेव्हा काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि भारताकडे लांब पल्ल्याचे एकही बॉम्बफेकी विमान नव्हते. विकत घ्यावे तर परकीय चलन तुटपुंजे. अशा वेळी कानपूरच्या भंगाराकडे लक्ष गेले आणि ते काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे सोपवण्यात आले.

या कंपनीचा उगमही आपल्या मातीशी निगडित आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने ती स्थापन केली. या देशात विमाने बनवण्याची कल्पना त्या वेळी पुष्कळांना अतिरेकी वाटली होती. युद्धकाळात अमेरिकन वायुदलाने तेथे दुरुस्तीची मोठी कार्यशाळा चालवली. हजारो हिंदी कामगारांनी इंजिने उघडणे, पत्रे ठोकणे, रिव्हेट मारणे, तारा ओढणे ही कामे तेथेच आत्मसात केली. युद्ध गेले, पण हात शिकलेले राहिले. १९४८ मध्ये उपयोगी पडले ते हेच हात.

मोडके विमान उभे करणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना द्यावी असे वाटते. विमानाचे अंग पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असते. पाणी साचले की त्याला आतून गंज धरतो आणि बाहेरून तो दिसत नाही. म्हणून सांधा न् सांधा तपासावा लागतो. सुकाणूपर्यंत जाणाऱ्या पोलादी तारांचा एक पदर तुटलेला असला, तरी सबंध तार बदलावी लागते. लिबरेटरच्या शेपटीचे व पंखांचे हलणारे भाग कापडाने मढवलेले असत. ते कापड कुजले असेल तर नवे ताणून शिवावे आणि त्यावर लेप द्यावा लागे. तेलाच्या नळ्यांची रबरी वेष्टणे उन्हाने तडकलेली. यंत्रांचे काटे फुटलेले. एका विमानाचे इंजिन, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याची काच असे जुळवत जुळवत एक धड विमान बनवायचे. हे सारे मूळ कंपनीच्या मदतीवाचून, उघड्या मैदानात, हाती असतील त्या हत्यारांनी.

कानपुरात जेमतेम उडण्याजोगे झालेले प्रत्येक विमान पुढच्या संपूर्ण दुरुस्तीसाठी बंगळूरला न्यायचे होते. हे काम कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. ज्या विमानाची पुरती तपासणी अजून व्हायची आहे, त्यात बसून जवळजवळ हजार मैलांचा प्रवास करायचा, आणि एकदा नव्हे, तर पुनःपुन्हा! अशा रीतीने चाळीसच्या आसपास विमाने भंगारातून उठवण्यात आली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांची पहिली तुकडी, म्हणजे पाचवे स्क्वाड्रन, कानपूर येथे उभे राहिले. पुढे पुणे हे या विमानांचे प्रमुख ठाणे झाले. १९५१ मध्ये सहावे स्क्वाड्रनही लिबरेटर घेऊन पुण्यात उभे राहिले. पाचव्याला १९५७ मध्ये कॅनबेरा जेट विमाने मिळाली. सहाव्याकडे समुद्रावर पहारा देण्याचे काम आले. दूर पल्ल्याचा गुण येथे कामी आला. अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या घालत जहाजांवर नजर ठेवणे, हे या उतारवयातील विमानांचे नित्यकर्म झाले. अखेर ३१ डिसेंबर १९६८ रोजी त्यांना निवृत्त करण्यात आले. बनवणाऱ्या अमेरिकेने आपले लिबरेटर केव्हाच वितळवून टाकले होते. जगात लष्करी सेवेतून सर्वांत शेवटी उतरलेले लिबरेटर आपल्या वायुदलाचे होते.

भंगारवाल्यांना आलेली जाग

येथून कथेला वेगळे वळण लागते. युद्धानंतर वीस-पंचवीस वर्षांनी पाश्चात्त्य देशांतील वृद्ध सैनिकांना आपल्या तरुणपणीची विमाने आठवू लागली. शोध घेता असे दिसून आले, की अठरा हजारांपैकी जवळजवळ काहीच उरलेले नाही. ज्यांनी ती फोडण्याचा हुकूम दिला त्यांच्याकडे ती नव्हती. ज्यांनी फोडलेली जोडली त्या भारतात मात्र ती शाबूत होती.

मग मागण्या येऊ लागल्या. १९६८ मध्ये एक लिबरेटर कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहाकडे गेले. १९६९ मध्ये एक अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसान येथील संग्रहालयाकडे गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयाला देण्यात आले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी डग आर्नल्ड या इंग्रज संग्राहकाने येथील एक सांगाडा सुटा करून मालवाहू विमानाने इंग्लंडला नेला. १९८४ मध्ये तो अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने घेतला. त्यावर असंख्य तास स्वयंसेवकांनी खपून काम केले आणि १९८९ मध्ये ते विमान पुन्हा आकाशात गेले. वर्षानुवर्षे ते अमेरिकेच्या गावोगावी उतरत असे. नातवंडांचा हात धरून आलेले म्हातारे त्याच्या पत्र्याला हात लावून रडत, असे वृत्तान्त तेथील वृत्तपत्रांतून येत.

आज जगात उरलेले सबंध लिबरेटर दीड-दोन डझनांपेक्षा जास्त नाहीत. त्यांतील कितीतरी आपल्या वायुदलात सेवा केलेले आहेत. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयातही एक आहे. परदेशातील यांपैकी काही विमानांवर अमेरिकन रंग चढवण्यात आले, अमेरिकन तुकड्यांची चित्रे काढण्यात आली. ती वस्तू त्यांनी बनवलेली, त्यांचे तरुण त्यात मेले, त्यामुळे त्यांचा हक्क आम्ही नाकारत नाही. परंतु त्या रंगाखाली कानपूरच्या मैदानात मारलेले रिव्हेट आहेत, बंगळूरच्या कामगाराने शिवलेल्या शिवणी होत्या आणि लोहगावच्या धावपट्टीची धूळ आहे. विमान शिल्लक राहिले ते या हातांमुळे. विमानाचा अनुक्रमांक सर्वांना ठाऊक आहे, त्या हातांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

आपल्याकडील प्रयत्न

आपल्या देशात हा छंद अगदीच नाही, असे समजू नये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू तळावर विमान उतरवले आणि देशातील हवाई वाहतुकीचा पाया घातला. या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे.आर.डीं.नी जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून तोच प्रवास एकट्याने पुन्हा केला. नव्या पिढीला थोडे साहस आठवावे, एवढाच हेतू.

अलीकडचे उदाहरण डकोटाचे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डकोटा विमानांतून. तसे एक विमान राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये भंगारातून विकत घेतले. त्यांचे वडील वायुदलात डकोटा चालवीत. वायुदलाला ते भेट देण्याचा प्रस्ताव आधी स्वीकारला गेला नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याला होकार मिळाला. २०१८ मध्ये दुरुस्त झालेले ते विमान ब्रिटनहून स्वतःच्या पंखांवर भारतात आले. 'परशुराम' असे त्याचे नामकरण झाले.

आणि अगदी कालची गोष्ट. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना आहे. तेथे घडलेल्या मिग-२१ जातीच्या विमानांना वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निरोप दिला. साठ वर्षांहून अधिक काळ या विमानांनी देशाचे आकाश राखले, आणि त्यांच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिकांचे प्राणही गेले. निवृत्त विमाने आता चौकाचौकांत चबुतऱ्यांवर चढवली जातील. त्यांच्या शेजारच्या फलकावर काय लिहायचे, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे.

तीन आक्षेप

या छंदावर घेतले जाणारे आक्षेपही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत.

पहिला आक्षेप जीविताचा. जुने यंत्र उडवणे धोक्याचे असते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी वर उल्लेखिलेल्या कॉलिंग्ज प्रतिष्ठानाचेच एक जुने बॉम्बफेकी विमान कनेक्टिकट राज्यात कोसळून सात माणसे दगावली. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलस येथील मेळाव्यात दोन जुनी विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. स्मृती जपताना नवी प्रेते पडावीत, हे कोणालाही मान्य होणार नाही. विमान जमिनीवर उभे ठेवूनही त्याचा इतिहास सांगता येतो, असे आमचे मत आहे.

दुसरा आक्षेप जमिनीचा. जुन्या धावपट्ट्यांची छायाचित्रे पाहून हौशी मंडळी हळहळतात. पण धावपट्टी आकाशातून पडत नाही, कोणाच्या तरी शेतातून जाते. कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी इंग्रज सरकारने शेतकऱ्यांची सुमारे सोळाशे एकर जमीन घेतली. युद्ध संपले, विमाने गेली आणि शेतकऱ्यांनी तेथे पुन्हा नांगर धरला. जमीन कागदोपत्री मात्र संरक्षण खात्याकडेच राहिली. अखेर नौदलाने कुंपण घालण्यास आरंभ केला आणि २२ जून २०१७ रोजी तेथे शेतकऱ्यांचे आंदोलन होऊन जाळपोळ व गोळीबार झाला. जी गोष्ट १९४५ मध्ये मिटायला हवी होती, ती तिसऱ्या पिढीच्या अंगावर आली. आमच्या जिल्ह्यातही राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील गावांनी लष्कराच्या के. के. रेंज या सराव क्षेत्राच्या संदर्भात हीच धास्ती अनेक वर्षे अनुभवली आहे. जुन्या तळाचा इतिहास लिहिणाऱ्याने धावपट्टीची लांबी जेवढ्या काळजीने नोंदवावी, तेवढ्याच काळजीने सात-बाराचा उतारा पाहावा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. संहाराचे यंत्र घासूनपुसून लखलखीत ठेवावे काय? हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे 'एनोला गे' हे विमान अमेरिकेने जपले आहे. घटनेला पन्नास वर्षे होत असता, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्या विमानासोबत बॉम्बचे परिणामही दाखवण्याचे ठरवले होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्याला प्रखर विरोध केला. जानेवारी १९९५ मध्ये ती योजना रद्द झाली आणि मे महिन्यात संग्रहालयाच्या संचालकांनी राजीनामा दिला. २००३ पासून सबंध विमान लोकांसमोर आहे, पण त्याच्या फलकावर मुख्यतः यंत्राचीच माहिती असल्याने बॉम्बमधून वाचलेल्या जपानी वृद्धांनी तेथे येऊन निषेध नोंदवला. नागासाकीवर बॉम्ब टाकणारे 'बॉक्सकार' विमानही ओहायो राज्यातील डेटन येथील संग्रहालयात आहे. त्या बॉम्बने उराकामी येथील कॅथेड्रल जमीनदोस्त केले. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास भाविक मरण पावले. दोन-अडीच शतके छळ सोसून गुप्तपणे टिकवलेली ती श्रद्धावंत वस्ती एका सकाळी राख झाली.

हिरोशिमा आपल्याला वाटते तितके दूर नाही. राहुरी तालुक्यातील केंदळ येथे १९०३ मध्ये 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले, हे वाचकांना ज्ञात आहे. परंतु १९२१ ते १९२७ या काळात हिरोशिमा येथील धर्मक्षेत्राची धुरा त्यांनीच वाहिली, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. आमच्या मराठीत लिहू लागलेला हा जर्मन येशूसंघीय तेथील मिशनची घडी बसवून पुण्याला परतला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ज्या मिशनघरातील चार जर्मन धर्मगुरू आश्चर्यकारकरीत्या बचावले ते याच मिशनचे होते. त्यांच्यापैकी फादर लासाल यांच्या प्रयत्नाने तेथे १९५४ मध्ये जागतिक शांततेचे स्मारक म्हणून कॅथेड्रल उभे राहिले. 'एनोला गे'चे चकचकीत पंख आणि ते कॅथेड्रल, दोन्ही एकाच दिवसाची स्मारके आहेत. त्यांतील कोणते तरी एकच पाहिले, तर तो दिवस कळत नाही.

काय जतन करावे?

जुनी युद्धयंत्रे मोडीत काढावीत, असे आम्ही म्हणत नाही. यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होतील असे स्वप्न पाहिले. त्या फाळाकडे पाहून आधी ती तलवार होती हे ज्याला माहीत असते, त्यालाच त्या स्वप्नाचे मोल समजते. वस्तू नाहीशी झाली, की तिच्याबद्दल हवे ते सांगता येते. वस्तू समोर असली तर मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. म्हणून नगरचा रणगाडा राहावा, पालमचे लिबरेटर राहावे, ओझरचे मिग चौकात उभे राहावे.

मात्र त्यांच्याजवळच्या फलकावर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: हे यंत्र कोणी बनवले, कोणी सांभाळले, ते कोणावर चालवले गेले आणि ते ज्या जमिनीवर उभे राहत असे ती कोणाची होती. वेग, वजन आणि तोफेची लांबी यांना त्यानंतर जागा द्यावी. एवढे लिहिले म्हणजे शौर्याला कमीपणा येतो, असे आम्हांला वाटत नाही. ज्या जवानाने जीव दिला त्याचाही मान, त्याला युद्धात का जावे लागले हे नीट सांगण्यातच आहे.

या कामात धर्मग्रामांनाही वाटा उचलता येईल. आपल्या जिल्ह्यातून अनेक तरुण लष्करात, वायुदलात, खडकीच्या व ओझरच्या कारखान्यांत गेले. फिटर, सुतार, शिंपी, स्वयंपाकी, टंकलेखक म्हणून त्यांनी तेथे जन्म काढला. त्यांची नावे कोणत्याही संग्रहालयात नाहीत. ती आपल्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्यांत आहेत आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीतील पिवळ्या पडलेल्या सेवापुस्तिकेत आहेत. त्या पेट्या उघडाव्यात. आजोबा काय काम करीत होते, कोणत्या तळावर होते, हे वहीच्या दोन पानांवर लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी. लोहगावचे लिबरेटर परदेशी संग्रहालयांत सुखरूप आहेत. ती जोडणाऱ्या हातांची आठवण जपायला मात्र परदेशातून कोणी येणार नाही.